नेरिमाचं रुखवत

"असले टाके माझे न्हाईत," चंद्रव्वा म्हणाली आणि गोधडीचा कोपरा तिनं किडका दोडका टोपलीत परत टाकावा तसा टाकून दिला.

समोर बाजेवर बसलेल्या नेरिमाच्या हातातला चहा तसाच राहिला. नैरोबीहून विमानानं मुंबई आणि तिथून रेल्वेनं सोलापूर असं करत ती आदल्या संध्याकाळी पोचली होती, ती एवढ्या एका कामासाठी. म्हातारीनं 'व्हय, मीच शिवली' असं म्हणायचं आणि नेरिमानं ते लिहून घ्यायचं, की झालं.

"अव्वा, नीट बघ की. चष्मा लाव."

"चष्मा लावूनच बघायलेय. हे काय टाके हायत? एक हितं, एक तितं. शेळी चालल्यागत. असं शिवलं असतं तर माझ्या सासूनं समदी कौदी उसवायला लावली असती आन वर उपाशी ठिवलं असतं."

चंद्रव्वाच्या घरात गोधडीला कौदी म्हणतात. घर शुक्रवार पेठेतलं, बोली अर्धी कानडी अर्धी मराठी, आणि पुढच्या पडवीत सून चंद्रिकाचा कडक भाकरीचा धंदा. तव्यावरची भाकरी उलटत चंद्रिका म्हणाली, "अत्ती, आक्का एवढ्या लांबनं आल्यात. म्हना की मी शिवली म्हनून. काय जातंय आपलं?"

"नाव जातंय की. ही माझं नाव लावून भिंतीवर टांगनार. लोक म्हनतील, सोलापूरच्या चंद्रव्वाला टाका घालता येत न्हवता."

नेरिमाला हसू आलं, पण लगेच मावळलं. तिचा एक नियम होता आणि त्या नियमावर तिचं सगळं आयुष्य उभं होतं. वस्तू ज्यानं केली त्याचं नाव माहीत नसेल, तर ती वस्तू नेरिमाच्या भिंतीवर लागत नाही. नाव नाही तर भिंत नाही. नैरोबीपासून डाकारपर्यंतचे चित्रकार, मूर्तिकार, वेल्डिंग करून पुतळे उभे करणारे तिचं हे वाक्य तिच्या आवाजात म्हणून दाखवत, कुणी मायेनं, कुणी दातओठ खात. आता ती आपल्या नैरोबीतल्या कलादालनाची जबाबदारी सोडणार होती. जाण्याआधीचं शेवटचं प्रदर्शन माणसाच्या पांघरुणांवर होतं. एकानं मच्छरदाण्यांचा तंबू केला होता, एकीनं बसच्या सीटची कव्हरं जोडून रजई केली होती. आणि मधोमध, सगळ्यांनी वळसा घालून जावं अशा जागी, तिची स्वतःची ही सोलापुरी गोधडी लागायची होती. माहितीपुस्तक छापखान्यात गेलं होतं. त्यात 'शिवणारी : चंद्रव्वा' असं लिहूनही झालं होतं. शिवणारीला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

"तू नसशील शिवली तर कुणी शिवली मग?" तिनं विचारलं.

"मला काय म्हाईत? जन्मात किती कौद्या झाल्या. ही इरकलीची पट्टी माझ्या नणंदेची हाय, तेवढं वळकलं. ती हयातभर असल्या भडक काठाच्याच साड्या नेसली."

नेरिमाचं मराठी ऐकून आदल्या संध्याकाळी स्टेशनवरचा रिक्षावाला आरशातून इतकं बघत होता की सात रस्ता चौकात गाडी ठोकायचीच राहिली. त्याचा दोष नव्हता. केनियातली पन्नाशीची बाई 'मीटरनं चल की रे, लई शाना हायस' असं म्हणेल, हे कुणाच्या ध्यानीमनी असणार?

तिचा बाप पश्चिम केनियातल्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता. तिथं बॉयलरला श्रीपूरचे मानसिंग नावाचे इंजिनीयर होते. पोरगी हुशार आहे, पण पुढं शिकवायची कुठं, असं बापानं म्हणताच मानसिंग म्हणाले होते, "आमच्या सोलापूरला पाठवा. उसाचा मुलूख हाय, तिला परकं वाटायचं न्हाय." पोरगी आली. शहरात ऊस तिला फक्त रसवंतीत दिसला. पण मानसिंगांनी खोली चांगली बघून दिली. चंद्रव्वानं एकच प्रश्न विचारला होता, "मटनबिटन खाती का?" मानसिंगांनी परस्पर सांगून टाकलं, "हितं असूस्तोवर न्हाय खायाची." पुढची तीन वर्षं नेरिमानं इंजिनीयरचा शब्द पाळला. गल्लीतल्या बायका आधी तिचे केस बघायला आल्या, मग केसांना तेल कुठलं लावावं ते सांगायला आल्या, आणि मग ती त्यांच्यातलीच एक होऊन गेली. नेरिमाची निरम्मा झाली, कुणाची नुसती निरमा.

दुसऱ्या वर्षी तिची आई गेली. फोन श्रीपूरच्या साखर कारखान्यात आला, कारण बापाजवळ भारतातला तेवढाच एक नंबर होता. मानसिंग तोवर केनियातली नोकरी सोडून गावच्या या कारखान्यात लागले होते. ते एसटीनं आले, पडवीत उभे राहिले आणि टोपी काढली. तिकडं माती देऊनसुद्धा झाली होती. जाण्यात अर्थ उरला नव्हता.

त्यानंतरचे दिवस नेरिमाला आठवत नाहीत. आठवतं ते एवढंच, की एका सकाळी जाग आली तेव्हा तिच्या अंगावर ही गोधडी होती आणि गोधडीत आईचा लेसो होता. लेसो म्हणजे तिकडच्या बायका कमरेला, खांद्याला गुंडाळतात तो छापील कपडा. त्याच्या काठाला एक म्हण छापलेली असते. आईच्या लेसोवर होतं, 'हाबा ना हाबा हुजाझा किबाबा.' आपण म्हणतो, थेंबे थेंबे तळे साचे. गोधडीत ती म्हण मधोमध कापली गेली होती. अर्धी एका कडेला आणि अर्धी पार दुसऱ्या कोपऱ्यात, तीही उलटी.

चंद्रव्वानं आपल्यासाठी गोधडी शिवली, असं नेरिमानं तेव्हापासून धरलं होतं. शंका यायचं कारणच नव्हतं. अशी बाई दुसरं काय करणार?

"बरं ते असू दे," चंद्रव्वानं आता मांडी बदलली. "तू नोकरी काय करतीस ते मला अजून कळलं न्हाय. चित्रं काढतीस?"

"न्हाय. दुसऱ्यांनी काढलेली मांडते."

"इकतीस?"

"न्हाय. लोक बघतेत आन जातेत."

"फुकट?"

"तिकीट काढून."

चंद्रव्वानं थोडा विचार केला. "म्हंजे रुखवत मांडतीस."

चंद्रिका पदर तोंडाला लावून हसली. नेरिमा मात्र हसली नाही. लंडनमध्ये ज्या गोष्टीचं शिक्षण घ्यायला तिला दोन वर्षं लागली होती, ती गोष्ट हीच होती. आणि ती शिकली तिथं नव्हतीच.

ती शिकली महानंदाच्या लग्नात. महानंदा ही चंद्रव्वाची थोरली. लग्न नेरिमाच्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षी झालं, मुलगा अक्कलकोटचा. रुखवत मांडायचं काम नेरिमाकडं आलं, कारण बाकीच्या सगळ्या स्वयंपाकात होत्या आणि हिला पुऱ्या लाटता येत नव्हत्या. तिनं लांबलचक टेबलावर पांढरं कापड घातलं. लोकरीचं तोरण, बांगड्यांचा मोर, शेवयांचं वृंदावन, थर्माकोलचा महाल, सगळं उंच-सखल, मागं-पुढं करत असं मांडलं, की दारातून आल्यावर आधी मोर दिसावा आणि जवळ गेल्यावर मग बारीक मण्यांची परडी. इथवर सगळं झकास होतं. मग तिला वाटलं, या वस्तू कुणी केल्या ते कुठंच नाही. पाव्हण्यांना कसं कळणार? चंद्रव्वाच्या धाकट्या मुलाच्या, बसवराजच्या, चौथीच्या पुस्तकावरून मराठी अक्षरं ती नुकतीच शिकली होती. तिनं चिठ्ठ्या केल्या आणि प्रत्येक वस्तूपुढं ठेवल्या. 'तोरण : गोजाबाई, शेजारच्या.' 'मोर : होटगीची मावशी.' 'परडी : मावशीची जाऊ.' 'महाल : विकत, नवी पेठ.'

रुखवत नवरीच्या हातचं म्हणून बघायचं असतं आणि ते बाकीच्या सगळ्यांनी केलेलं असतं, हे सोलापुरात पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. पण ते चिठ्ठीवर लिहायचं नसतं, हे नेरिमाला कोण सांगणार?

अक्कलकोटच्या विहीणबाई चष्मा लावून एकेक चिठ्ठी वाचत टेबलाच्या टोकापर्यंत गेल्या. मांडवातल्या बायका जवळ सरकल्या. विहीणबाई वळल्या आणि म्हणाल्या, "आन नवरीनं काय केलं?"

चंद्रव्वा पुढं झाली. "नवरीनं समद्यांना च्या केला," ती म्हणाली.

विहीणबाईंनी चष्मा काढला. "मग च्या तरी आना," त्या म्हणाल्या, आणि मांडव हसला. अक्कलकोटला अजूनही पाव्हणे आले की महानंदेला म्हणतात, रुखवतातला च्या टाक.

पाठवणी झाल्यावर चंद्रव्वानं नेरिमाला जवळ बसवून घेतलं होतं. "खरं लिहिलंस ते चांगलं केलंस. गोजाबाई कवाधरनं ती चिठ्ठी वाचायली. पर नवरीचं बी एक तरी असावं लागतंय गं. न्हायतर तिनं नुसतं मांडून घेतलं, असं दिसतंय."

यातलं पहिलं वाक्य नेरिमानं गाठीला बांधलं. दुसरं ती विसरली.

नैरोबीला परतल्यावर एका संग्रहालयात तिला मदतनिसाची नोकरी मिळाली. काम चिठ्ठ्या चिकटवायचं. तिथं मुखवटे होते, ढाली होत्या, टोपल्या होत्या आणि निम्म्याअधिक चिठ्ठ्यांवर लिहिलं होतं, 'कर्ता अज्ञात.' टोपली पन्नास वर्षांपूर्वीची, गाव माहीत, आणि बाई अज्ञात. नेरिमाला ती चिठ्ठी चिकटवताना गोजाबाई आठवायची. सुट्टीच्या दिवशी ती बस पकडून त्या गावांना जाऊ लागली. कधी नाव सापडे, कधी सून सापडे, कधी नुसतं थडगं. पुढं शिष्यवृत्तीवर ती लंडनला गेली. तिथल्या काचेच्या कपाटांमधल्या 'अज्ञातां'वरून तिनं इतकी भांडणं केली की तिच्याबरोबरचे लोक तिला लांबून बघून जिना बदलायचे. मग ती परत आली आणि मोटारीच्या एका बंद पडलेल्या गॅरेजात तिनं स्वतःचं दालन काढलं. पहिल्या प्रदर्शनाला माणसं कमी आणि पालीच जास्त होत्या. पण त्यातला एक चित्रकार पुढं जगभर गेला आणि तिचं नावही त्याच्याबरोबर फिरू लागलं. डाकार, जोहान्सबर्ग, बर्लिन. जिथं जाई तिथं ही गोधडी बॅगेत असायची. तिच्यावर तिनं भाषणंही दिली होती. त्या कापल्या गेलेल्या म्हणीबद्दल ती फार सुंदर बोलायची. ती लिपी आणि ती भाषा न येणाऱ्या एका मायाळू हातानं शब्दांवरून फिरवलेली निष्पाप कात्री, असं काहीतरी. लोक माना डोलवायचे.

इकडं चंद्रव्वाच्या दारातून तेवढ्यात हाक आली. गोजाबाईच होती. मूळची मोडनिंबची, पण आता चाळीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहणारी. निरमा आली कळल्यावर तिला घरी बसवतंय कुठलं?

"लई वाळलीस की गं," असं म्हणून तिनं नेरिमाच्या दोन्ही गालांवरून हात फिरवला. वास्तविक नेरिमा दुप्पट झाली होती. मग तिची नजर बाजेवर गेली. "अगं बया, अजून हाय व्हय ही कौदी? निरमाची कौदी."

"माझीच हाय, मावशी," नेरिमा घाईनं म्हणाली. "पर शिवली कुनी? तुमी शिवली का?"

"मी कशाला शिवू? तूच शिवलीस की."

चंद्रिकानं गॅस बारीक केला.

"मी?" नेरिमा म्हणाली. "मला कुठं येतंय शिवाय?"

"म्हनून तर अशी झालीया," गोजाबाई म्हणाली. "तुजी आई गेली तवा तू तितं कोपऱ्यात भिताडाकडं तोंड करून बसायचीस. जेवन न्हाय, बोलनं न्हाय, रडनं बी न्हाय. आमी दुपारच्याला हितं पडवीत शिवाय बसायचो. एक दिस ही चंद्रव्वा म्हनली, तिला हिकडं आना आन हातात सुई द्या. रिकाम्या हाताचं दुक लवकर सरत न्हाय. तू तुज्या आईचं ते कापड घिऊन आलीस. म्या म्हनलं, मधनं कापू नगं, अक्षरं हायती त्यावर. तू ऐकलं न्हाईस. कचाकचा कापलंस. मग शिवताना बोटाला टोचलं, तवा रडलीस. लई रडलीस. आमी कुनीबी गप कर म्हनलं न्हाय."

नेरिमानं गोधडी मांडीवर ओढली आणि म्हण कापली गेली होती तिथं बोट ठेवलं. कडा वेडीवाकडी होती, रागानं कापल्यासारखी. तिला घटना आठवली नाही, पण बोटांत कात्रीचं ओझं आठवलं. लोखंडी, काळी, जड कात्री. ती चंद्रव्वाच्या पाटीत असायची.

इतकी वर्षं तिच्या मनात एक काटा होता. आईच्या मातीला आपण गेलो नाही. आईसाठी आपण काहीसुद्धा केलं नाही, जे केलं ते परक्या बायकांनी केलं. चंद्रव्वाचे उपकार आठवताना प्रत्येक वेळी तिला थोडी शरमही वाटायची. आणि आता कळत होतं की आईचे दिवस तिनं स्वतःच्या हातांनी केले होते, टाक्याटाक्यानं, या पडवीत बसून. तिला रडू फुटलं आणि ते पुसता पुसता हसूही फुटलं, कारण तिला जोहान्सबर्गचं भाषण आठवलं. कुठला मायाळू हात आणि कुठली निष्पाप कात्री.

"आता आठवलं," चंद्रव्वा हळूच म्हणाली. "तुला सुईत दोरा बी ओवता येत न्हवता गं. डोळ्याला सारकं पानी. मी ओवून द्यायची. संपला की फिरून ओवून द्यायची. तेवढंच केलं मी. टाके तुजे."

"टाके माझे," नेरिमा म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात दुसरी गोष्ट आली. ती मागं टेकून बसली. "मग तर ही लागतच न्हाय, अव्वा."

"का म्हनून? नाव सापडलं की."

"मांडनाऱ्यानं आपलंच काम मांडू न्हाय. लोक नावं ठेवतेत. समदी माझी पोरं बसलीत तिथं, त्यांची चित्रं, आन मधोमध माझी गोधडी? बरं दिसत न्हाय."

तिच्या धंद्यात ही लाजेचीच गोष्ट होती. तिनं स्वतः दोघातिघांना यावरून फाडून खाल्लं होतं. मधली जागा रिकामी ठेवावी, छापखान्याला कळवून ते पान काढून टाकावं, असा हिशोब ती मनात करू लागली. गोधडी आपल्या बॅगेत होती तशी राहील. काही बिघडत नाही. पण बिघडत होतं, आणि ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

चंद्रव्वानं चष्मा काढून पदरानं पुसला.

"महानंदाच्या लग्नात मी तुला काय म्हनलं होतं?"

नेरिमानं आठवत नाही म्हणून मान हलवली.

"रुखवतात नवरीचं एक तरी असावं म्हनलं होतं. समद्यांची नावं लिहिलीस. मोर हिचा, परडी तिची. तीस वर्सं तेच करायलीस म्हनं. तुजं एक बी न्हाय त्यात?"

"न्हाय."

"मग आता जाताना एक ठिव. वाकडं का असंना. लोक इचारतील की, मांडनारीनं काय केलं? मी तवा च्या केला म्हनून सांगितलं. तिकडं कोन सांगनार हाय?"

"मी कुठली नवरी, अव्वा? केस पांढरे झाले."

"घर सोडून निगालीस न्हवं? मग नवरीच की." चंद्रव्वानं विषय मिटवला.

गोजाबाईनं मान हलवली. चंद्रिकानं गॅसवरची भाकरी उतरवली, ती एका बाजूनं जास्तच कडक झाली होती. मग नेरिमानं फोन काढला आणि छापखान्याला निरोप लिहिला. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

"काय लिहिलंस?" चंद्रव्वानं विचारलं. "मला वाचून दाव. माझं नाव काढलंस न्हवं त्या टाक्यांवरनं?"

नेरिमानं मराठीत वाचून दाखवलं. "'शिवणारी : नेरिमा. दोरा ओवून देणारी : चंद्रव्वा, सोलापूर.'"

"दोऱ्याचं कशाला लिहायचं? ते काय काम हाय?"

"नाव न्हाय तर भिंत न्हाय, अव्वा."

चंद्रव्वाला बरं वाटलं. ते तिनं लपवलं नाही. नाकातली फुली नीट केली, गोजाबाईकडं एकदा बघितलं. मग गोधडीची कड चाचपत ती एका जागी थांबली.

"हितं उसवलंय. अशी फाटकी न्हेनार व्हय तिकडं? चार टाके घाल जायच्या आदी."

"तू घाल की. तुझा हात चांगला हाय."

"माझे टाके यात उठून दिसतील," चंद्रव्वा म्हणाली. "चंद्रिके, सुई आन."

चंद्रिकानं सुई-दोरा आणला आणि सवयीनं स्वतःच ओवायला घेतला, कारण गेली काही वर्षं म्हातारीला सुईचं नेढं दिसत नव्हतं. चंद्रव्वानं हात पुढं केला. "हिकडं दे. ते माझं काम हाय."

तिनं दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं, सुई उजेडाकडं धरली. दोरा बाजूनं गेला. पुन्हा ओला केला, पुन्हा गेला. नेरिमाचा हात मदतीला निघाला होता, तो गोजाबाईनं धरून ठेवला. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. चंद्रव्वानं चष्मा काढून बाजूला ठेवला, डोळे मिटले आणि बोटांच्या चिमटीत सुई अगदी हळू दोऱ्यावर आणली. जरा वेळानं तिनं दोऱ्याचं टोक पलीकडून ओढून घेतलं, गाठ मारली आणि सुई नेरिमाच्या हातात दिली.

नेरिमा शिवू लागली. जुन्या टाक्यांशी जुळावं म्हणून टाका मुद्दाम वाकडा घालायला हवा, असं तिच्या मनात आलं होतं. तशी गरज पडली नाही. एक हितं पडला, एक तितं.

चंद्रव्वानं त्यावरून अंगठा फिरवला. "व्हय," ती म्हणाली. "हेच टाके."